पायरी क्रमांक एक

कोहलबर्ग मला तोंडपाठ होता. तीन पातळ्या, सहा अवस्था; पूर्वसांकेतिक, सांकेतिक, उत्तरसांकेतिक. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी क्रम चुकला नसता. 2013 साली राज्यात शिक्षक पात्रता परीक्षा सुरू झाली आणि गोंदिया जिल्ह्यातली डी.एड. झालेली पोरंपोरी बालमानसशास्त्राच्या तीस गुणांसाठी गाइडं घेऊन बसली, तेव्हा रविवारी त्यांना शिकवणाऱ्यांत मीही होतो. जिल्हा परिषदेच्या मास्तरानं खासगी शिकवणी घ्यायची नसते. मी तिला ‘मार्गदर्शन’ म्हणायचो, पैसे पाकिटातून घ्यायचो, आणि त्याच खोलीत नैतिक विकासाच्या अवस्था फळ्यावर काढायचो. यातला विनोद तेव्हा माझ्या ध्यानात आला नव्हता.

पण शिकवणीची गोष्ट किरकोळ आहे. त्या अवस्थांचा जो उपयोग मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या माझ्या शाळेत केला, तो किरकोळ नव्हता.

लॉरेन्स कोहलबर्गनं 1958 साली शिकागो विद्यापीठात प्रबंध दिला. शिकागोतले दहा, तेरा आणि सोळा वर्षांचे 72 मुलगे घेतले आणि त्यांना पेचाच्या गोष्टी सांगितल्या. सगळ्यात गाजली ती हाइन्झची. हाइन्झची बायको कॅन्सरनं मरणाच्या दारात आहे. गावातल्या एका औषधवाल्याकडे तिला वाचवणारं औषध आहे, पण तो लागत खर्चाच्या दहापट दाम मागतो. हाइन्झकडे निम्मेच पैसे जमतात. औषधवाला ना भाव कमी करतो, ना उधार देतो. हाइन्झनं दुकान फोडून औषध चोरावं की नाही? मुलानं ‘चोरावं’ म्हटलं की ‘चोरू नये’ म्हटलं, याला कोहलबर्गच्या लेखी महत्त्व नव्हतं. का, ते महत्त्वाचं. शिक्षा होईल म्हणून, फायदा आहे म्हणून, लोक काय म्हणतील म्हणून, कायदा आहे म्हणून, की कायद्याच्याही वर माणसाचा जीव आहे म्हणून. या ‘का’वरून तो मुलाला पायरी द्यायचा.

एका गाइडात हे सगळं दीड पानात होतं. ‘उत्तरापेक्षा कारण महत्त्वाचे’ ही ओळही होती. ती मी अधोरेखित केली होती आणि पाळली मात्र नाही.

शाळेत सहावी ते आठवी माझ्याकडे होती. इटियाडोहच्या कालव्याच्या पाण्यावर धान घेणारं गाव, पलीकडे जंगल. घरं गोंडांची, कोहळ्यांची, थोडी इतरांची. परिपाठात मूल्यशिक्षण असायचंच: वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, सौजन्यशीलता, एकेका मूल्यावर एकेक बोधकथा. मला वाटलं, आपण त्यापुढे जाऊ, शास्त्रीय काहीतरी करू. हाइन्झचा गणपत केला, औषधवाल्याचं मेडिकल स्टोअर केलं, आणि एकेका पोराला ऑफिसात बोलावून गोष्ट सांगितली. समोर लांब रजिस्टर, पोराचं नाव आणि पुढे एक रकाना: अवस्था.

सातवीतली एक मुलगी आली. गोष्ट लक्ष देऊन ऐकली आणि म्हणाली, “दवाईवाल्याच्या बायकोले सांगाव जी. ते समजवन त्याले.”

मी म्हटलं, “तसं नाही. गणपतनं चोरी करावी की नाही?”

“चोरी करन तं पोलीस नेईन. मंग बिमार बायकोपाशी कोन राहीन?”

“म्हणजे करू नये?”

“पन दवाई तं पाहिजे ना.”

“दोन्हीतलं एक सांग. करावी की नाही?”

ती रजिस्टरकडे बघत राहिली. मी पुन्हा विचारलं, जरा वरच्या आवाजात. मग ती म्हणाली, “तुम्ही सांगान तसं, सर.”

मी तिच्या नावापुढे 1 लिहिलं. अवस्था पहिली: आज्ञापालन आणि शिक्षेची भीती. ही आज्ञा कोणाची आणि भीती कोणाची, हा प्रश्न मला शिवलाही नाही. तिच्या पहिल्या दोन उत्तरांना रकान्यात जागाच नव्हती.

तिच्या मागून आलेला मुलगा तर मला उर्मट वाटला होता. तो म्हणाला, “गावात मंडईसाठी घरोघरी वर्गनी करतेत, दवाईसाठी काऊन नाही करनार?” दिवाळीनंतर झाडीपट्टीतल्या गावोगावी मंडई भरते, रात्री दंडार किंवा नाटक होतं, त्यासाठी पैसे गोळा होतात. त्याचं म्हणणं अगदी सरळ होतं: एका माणसाला चोरीपर्यंत जावं लागलं, तर गाव कुठं होतं? मी त्याला सांगितलं, गोष्ट नीट ऐक, गणपतनं सगळ्यांकडून मागून झालं आहे. “तं मंग गावच बेकार हाय,” तो म्हणाला. मी हसलो आणि त्याला 2 दिले.

नंतर मला कळलं की सातवीतली ती मुलगी काही पहिलीच नव्हती. ती पुस्तकात होती. कॅरोल गिलिगन ही कोहलबर्गसोबत हार्वर्डमध्ये काम केलेली बाई. 1982 सालच्या तिच्या पुस्तकात अकरा वर्षांची दोन मुलं आहेत, जेक आणि एमी. जेक हाइन्झचा पेच गणितासारखा सोडवतो: जीव मोठा, मालमत्ता लहान, म्हणून चोरावं. एमी म्हणते, चोरीखेरीज दुसरी वाट असेल. उसने घ्यावेत, औषधवाल्याशी बोलावं. चोरी केली आणि तुरुंगात गेला तर बायको आणखी आजारी पडेल, तेव्हा काय? मुलाखत घेणारी तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारते आणि एमीचा धीर सुटत जातो. कोहलबर्गच्या मापानं एमी जेकपेक्षा एक अख्खी पायरी खाली येते. गिलिगनचं म्हणणं, ही मुलगी खाली नाही, ती वेगळाच प्रश्न सोडवते आहे: नाती तुटू न देता गरज कशी भागवायची. हे मी शिकवणीत ‘गिलिगन: काळजीची नीती’ एवढ्या तीन शब्दांत शिकवत होतो आणि सोमवारी शाळेत येऊन त्या मुलाखतकारणीची चूक जशीच्या तशी करत होतो.

(गिलिगनलाही डोक्यावर घ्यायचं कारण नाही. लॉरेन्स वॉकर नावाच्या संशोधकानं 1984 साली तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तर मुलगे आणि मुली यांच्यात पायऱ्यांचा म्हणावा तसा फरक निघालाच नाही. माझ्या वर्गातही ‘गाव कुठं होतं’ म्हणणारा मुलगाच होता.)

दुसरी चूक पैशाची. कुठल्याशा प्रशिक्षणात ऐकून मी वर्गात ‘प्रामाणिक दुकान’ काढलं. खिडकीत खोडरबर, पेन, पेन्सिली, शेजारी पत्र्याचा डबा. दुकानदार नाही, वस्तू घ्यायची, पैसे डब्यात टाकायचे. पहिला महिना हिशेब जुळला आणि मी केंद्रप्रमुखांना फोटो पाठवले. मग डबा कमी भरू लागला. माझा संशय एका मुलावर गेला. कारण विचाराल तर त्याच्याकडे नवं पेन होतं आणि त्याच्या घरी पेन घ्यायची ऐपत नव्हती. याहून जास्त पुरावा माझ्याकडे नव्हता. परिपाठात सगळ्यांसमोर मी त्याला उभं केलं. नाव घेऊन ‘चोर’ म्हटलं नाही. त्याहून वाईट केलं. “ज्यानं घेतलं त्याला ठाऊक आहे,” असं त्याच्याकडे बघत म्हणालो. दुकान बंद केलं.

एप्रिलमध्ये सकाळची शाळा. मोहफुलं वेचायचे दिवस; अर्धा वर्ग पहाटे टोपली घेऊन जंगलात आणि तिथून थेट शाळेत. मोहाचे पैसे घरात आले की पोरांच्याही हातावर थोडे पडतात. त्या दिवसांत एका सकाळी माझ्या टेबलावर वहीच्या कागदाच्या पुड्या होत्या. आत नाणी, वर पेन्सिलीनं लिहिलेलं: ‘पेन 5’, ‘रबर 2’, एकावर ‘पेंसिल 3 आनी मांगचे 2’. पोरांनी आपसात उधारी ठेवली होती. मोह आला की द्यायचे, असं ठरलं होतं, आणि ठरवताना मला विचारायची गरज त्यांना वाटली नव्हती. कदाचित विचारलं तर नाही म्हणेन हेही ठाऊक होतं. सगळे पैसे परत आले का? नाही. काही कुणीतरी उचललेच असणार. पण मी ज्याला उभं केलं होतं त्याच्या नावाची पुडी त्यात होती.

त्याची मी माफी मागितली नाही. सहावीतल्या पोराची परिपाठात माफी मागायची, हे माझ्या तोंडून निघेना. मी दुकान परत सुरू केलं आणि त्याला दुकानाचा ‘मंत्री’ केलं, हीच माफी असं मनात ठरवलं. तो मंत्री झाला नाही. “मले नाही पाहिजे जी,” म्हणाला आणि मागच्या बाकावर जाऊन बसला.

प्रामाणिकपणा म्हणजे माणसाच्या अंगात असलेली किंवा नसलेली वस्तू, असं मी धरून चाललो होतो. अमेरिकेत हार्टशोर्न आणि मे या दोघांनी 1928 पासून दोन-तीन वर्षांत प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दहा हजारांहून जास्त मुलांना परीक्षेत, खेळात, घरच्या अभ्यासात, पैशात लबाडी करायची संधी दिली. एका ठिकाणी फसवणारं मूल दुसऱ्या ठिकाणी फसवेलच असं दिसलं नाही. प्रामाणिक मुलं आणि लबाड मुलं असे दोन ढीग पडलेच नाहीत. मला स्वतःला तपासायला दूर जायची गरज नव्हती. वर्गातल्या डब्याचा हिशेब रुपया-रुपयानं ठेवणारा मी रविवारचं पाकीट कुठल्याच हिशेबात दाखवत नव्हतो.

आणि कंचे. मधल्या सुट्टीत पोरं शाळेमागच्या मातीत कंचे खेळायची, भांडायची, मी कंचे जप्त करायचो. कपाटात बरणीभर साठले होते. आता, जाँ पियाजेचं 1932 सालचं मुलांच्या नैतिक निर्णयावरचं पुस्तक सुरू कुठून होतं? स्वित्झर्लंडमधल्या मुलांच्या गोट्यांच्या खेळापासून. हा माणूस पोरांमध्ये बसून विचारायचा, नियम काय आहेत, कुणी केले, बदलता येतील का? लहान मुलं म्हणायची, नियम पूर्वीपासून आहेत, बदलता येत नाहीत. दहा-बारा वर्षांची म्हणायची, सगळ्यांना मान्य असेल तर बदलू. मोठ्यांच्या धाकातून नव्हे, तर बरोबरीच्या सवंगड्यांशी भांडून-जुळवून मुलांचा न्याय पक्का होत जातो, हा पियाजेचा मुद्दा. माझ्या शाळेत ज्या जागी नैतिक शिक्षण चाललं होतं, नेमकी तीच जागा मी बंद करून आत बोधकथा सांगत होतो. बरणी मी परत केली. अर्धे कंचे कोणाचे यावरून पोरं तासभर भांडली आणि माझ्याकडे कुणीही तक्रार आणली नाही.

इथवरच्या चुका अडाणीपणाच्या. पुढची चूक वाचनानंतरची, म्हणून ती मला जास्त टोचते.

मुक्त विद्यापीठातून शिक्षणशास्त्राची पदव्युत्तर पदवी करताना मी प्रथमच गाइडाबाहेरचं वाचलं. रिचर्ड श्वेडर, मनमोहन महापात्र आणि जोन मिलर यांनी भुवनेश्वरात केलेला, 1987 साली आलेला अभ्यास वाचला. तिथल्या लोकांना आणि शिकागोतल्या लोकांना त्यांनी 39 प्रसंग दिले आणि काय किती वाईट, ते विचारलं. भुवनेश्वरच्या ब्राह्मण मुलांनी सगळ्यात वाईट ठरवलं ते हे: बाप वारल्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या मुलानं केस कापले आणि कोंबडी खाल्ली. अमेरिकन मुलांना यात वाईट काहीच दिसेना. याच जोन मिलरनं दोन सहकाऱ्यांसोबत 1990 साली म्हैसूर आणि अमेरिकेतलं न्यू हेवन यांची तुलना केली: गरजू माणसाला लहानशी मदत करणं हे अमेरिकन लोकांना ज्याच्या-त्याच्या मर्जीचं वाटतं, म्हैसूरकरांना कर्तव्य. जॉन स्नेरीनं 1985 साली 27 देशांतले 45 अभ्यास चाळले, तर पहिल्या चार पायऱ्या बहुतेक ठिकाणी सापडल्या, पण वरच्या पायऱ्या मुख्यतः शहरी मध्यमवर्गात. खेड्यांत जवळपास नाहीतच. आणि सहावी पायरी? ती खुद्द कोहलबर्गच्या लोकांनी गुणदानाच्या पुस्तिकेतून नंतर काढून टाकली, कारण तिथं पोचलेली माणसंच मिळेनात.

मी हरखून गेलो. म्हणजे माझी पोरं खालच्या पायरीवर नव्हतीच, शिडीच परदेशी होती! शिक्षण परिषदेत मी यावर निबंध वाचला. कागदी पुड्यांची गोष्ट सांगितली (उभं केलेल्या मुलाची गाळून), मंडईच्या वर्गणीचं उत्तर सांगितलं. ‘आपल्या गावाची सामूहिक नीती’ असे शब्द वापरले. टाळ्या मिळाल्या. भुवनेश्वरच्या अभ्यासातलाच आणखी एक प्रसंग मी जाणूनबुजून गाळला होता: बायको नवऱ्याला न सांगता एकटी सिनेमाला गेली म्हणून नवऱ्यानं तिला बेदम मारलं. तिथल्या बऱ्याच जणांना त्यात नवऱ्याचं काही चुकलेलं वाटलं नव्हतं. तीही सामूहिक नीतीच. टाळ्यांच्या भाषणात ती बसत नव्हती.

त्याच वर्षी आमच्या गावात तापाची साथ आली. दोन लेकरं गंभीर झाली आणि टोल्याच्या टोकाला एकटी राहणाऱ्या एका म्हातारीनं करणी केली, अशी कुजबुज सुरू झाली. तिच्याशी बोलणं बंद, तिच्या घरचं पाणी बंद. पोरांना ताकीद: तिकडे फिरकायचं नाही. सहावीतली एक मुलगी मात्र जात राहिली. परिपाठानंतर दुसऱ्या पोरांनी माझ्याकडे तक्रार केली, “सर, हे आजीच्या घरी जाते.” मी तिला जवळ बोलावलं आणि म्हणालो, “गावातली मोठी माणसं सांगतात तर काही दिवस जाऊ नये.”

तिनं विचारलं, “गाव म्हनते म्हनून आजी वाईट होते का जी?”

इलियट ट्युरिएल हा कोहलबर्गच्याच तालमीत वाढलेला, पुढे त्याच्याशी मतभेद झालेला मानसशास्त्रज्ञ. त्याच्या वाटेनं गेलेल्या संशोधनात लहान मुलांना असंच काही विचारतात: तुमच्या बाईंनी परवानगी दिली तर गणवेशाशिवाय आलेलं चालेल का? चालेल, म्हणतात. आणि बाईंनी परवानगी दिली तर दुसऱ्याला मारलेलं चालेल का? नाही चालणार, म्हणतात. चार-पाच वर्षांची पोरंसुद्धा. नियम मोठ्यांच्या शब्दावर उभा असतो, इजा नसते, हा फरक त्यांना कळतो. मी ट्युरिएल वाचला होता. मुलगी माझ्यासमोर उभी राहून तेच विचारत होती. मी म्हणालो, “जा, वर्गात बस.”

पुढचं माझ्या हातून झालं नाही. आशाताईंनी रक्ताचे नमुने घेतले, ताप मलेरियाचा निघाला. प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर पोलीस पाटलाला घेऊन आले, चावडीवर बैठक झाली. 2013 साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात काय आहे, ते डॉक्टरांनी सांगितलं. मास्तर म्हणून मलाही बोलावलं होतं; मी मागे बसलो. गाव शांत झालं. म्हातारी त्याच उन्हाळ्यात देवरीकडे लेकीच्या घरी गेली ती परत आली नाही.

बराच काळ मी स्वतःला समजावत होतो की मी पोरीला थांबवलं ते गावाच्या रीतीचा मान राखायला. श्वेडर वाचून शहाणा झालो होतो ना. जोनाथन हाइट नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 2001 साली मांडलं की माणूस निर्णय आधी मनाच्या ओढीनं घेतो आणि कारणं मागाहून वकिलासारखी गोळा करतो. मला ते पटलं, कारण माझं तसंच झालं होतं. खरं कारण इतकंच की शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष त्या आजारी लेकरांपैकी एकाचा काका होता, आणि मला त्या गावात आणखी काही वर्षं काढायची होती. कोहलबर्गच्या मापानं याला फार वरची पायरी मिळत नाही. तो स्वतः तरुणपणी, 1947 च्या सुमारास, ब्रिटिशांची नाकेबंदी चुकवून ज्यू निर्वासितांना पॅलेस्टाइनकडे नेणाऱ्या जहाजावर काम करत होता. त्याची शिडी एकांगी असेल, शिकागोच्या पोरांवर बेतलेली असेल, पण ‘सगळे म्हणतात’च्या वर आणखी काही असतं, हे तो ऐकीव सांगत नव्हता.

ती मुलगी कुठल्या पायरीवर होती, यावर घरी अजून वाद होतो. माझी बायको अंगणवाडी सेविका आहे. तिनं त्या पोरीला तीन वर्षांची असल्यापासून पाहिलंय. ती म्हणते, आजी तिला बोरं द्यायची, गोष्टी सांगायची, पोरीचा जीव होता तिच्यावर. तुम्ही त्यात न्याय आणि तत्त्व काय शोधता? मी म्हणतो, बोरं तर सगळ्याच पोरांना मिळायची, जीव बाकीच्यांचाही होता, पण बाकीची थांबली आणि ही थांबली नाही, याचं काहीतरी कारण असेलच की. त्यावर ती म्हणते, असेल, पण ते तुम्ही तिला विचारलं कधी? तेव्हा तर तुम्ही तिला वर्गात जाऊन बसायला सांगितलं.